वेअरीकाकांची गाठ

साहेबांनी चारचौघांत आपल्याला इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढं काकांना समजलं. ते चांगलं म्हटलं की वाईट, हे मात्र समजलं नाही. आणि जे समजलं नाही ते वाईटच असणार, हा काकांचा आयुष्यभराचा ठोकताळा होता.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या एका कंपनीत काका कामाला होते. तरुणपणी ते स्वतः दोराला लटकून उतरायचे. एकदा बसायची फळी मधोमध मोडली, आणि त्या दिवसापासून त्यांचा जगावरचा विश्वास उडाला तो उडालाच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काका ताक फुंकायचे तर खरंच, वर ते भांडं कोणी विसळलं याचीही चौकशी करायचे. वय झाल्यावर कंपनीनं त्यांना गच्चीवर नेमलं. हे काम जोडीचं असतं. एक जण खाली उतरतो, दुसरा गच्चीवर थांबतो. वरच्यानं गच्चीतल्या लोखंडी कड्यांना दोन दोर बांधायचे, एक कामाचा आणि एक जिवाचा. मग खालचा माणूस जमिनीला टेकेपर्यंत तिथून हलायचं नाही.

या कामासाठी काकांसारखा माणूस शोधून सापडला नसता. दोर, कडी, कठडा, वारा, ढग, वॉचमन, या सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय. एकानं बांधलेली गाठ दुसऱ्यानं हात लावून बघायची, असा कंपनीचा नियम होता. पण काकांपुरता तो कधीच बुडाला होता. जो माणूस स्वतःच्या सावलीलाही ‘कोण रे तू?’ म्हणून विचारतो, त्याची गाठ आणखी कोण बघत बसणार? ‘काकांनी बांधलंय ना? मग झालं,’ असं म्हणून माणसं बिनघोर उतरायची.

साहेब वयानं लहान, इंग्रजीचे षौकीन. अपघात कसे टाळावेत यावर ते अधूनमधून सगळ्यांना बसवून बोलायचे आणि पडद्यावर एखादा शब्द दाखवायचे. त्या दिवशीचा शब्द होता ‘वेअरी’.

“‘कॉशस’ तुम्हाला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “जपून वागणारा. तो पाऊल टाकण्याआधी आपल्या पायाखाली बघतो. पण ‘वेअरी’ त्याच्या एक पायरी पुढचा. तो दुसऱ्याच्या हाताकडे बघतो. धोका कुठूनतरी येणार आहे असं धरूनच चालतो. आता वापरायचा कसा? याला पुढे ‘ऑफ’ लागतं. वेअरी ऑफ अमुक, वेअरी ऑफ तमुक. ‘आय अॅम वेअरी ऑफ धिस रोप.’ म्हणजे या दोराचा मला भरवसा वाटत नाही, माझा त्याच्यावर डोळा आहे. आपल्याकडे असा एकच माणूस आहे.” आणि त्यांनी बोट केलं ते थेट काकांकडे.

टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत काकांचे वेअरीकाका झाले होते.

बायको गेल्यापासून काका लेकीकडे राहत. दोन खोल्यांचं घर, वरचा मजला, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काचा दिसायच्या आणि त्या कोणीतरी वाईट पुसलेल्या असायच्या. लेक दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. जावई काकांच्याच कंपनीत, आणि काकांच्याच दोरावर. हे काकांनीच घडवून आणलं होतं. जावई म्हणजे दहावा ग्रह. मग तो नजरेच्या टप्प्यात असलेला बरा, एवढाच त्यात विचार. घरात ते त्याला ‘तुम्ही’ म्हणत आणि गच्चीवर ‘तू’. गच्चीवर नातं चालत नाही, असं त्यांचं मत होतं.

“वेअरी म्हणजे काय गं?” त्यांनी बूट काढता काढता लेकीला विचारलं.

“सावध, बाबा.”

“नुसतं सावध? त्याला टाळ्या कशाला वाजवतील?”

“म्हणजे... थोडं संशयी.”

“थोडं म्हणजे किती?”

जावयाला चहा पिता पिता ठसका लागला. काकांनी तो ठसका मनात नोंदवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. तो शिकलेला माणूस. “चांगला शब्द आहे की, काका,” तो म्हणाला. “अनोळखी कुत्रं दिसलं की माणसानं वेअरी असावं.” आता या वाक्यात आपण माणूस की कुत्रं, हे काकांनी परत जाऊन विचारावं असं दोनदा मनात आणलं. शब्दाचा अर्थ ‘संशयी’ आहे की नाही, याबद्दलच संशय घेणारा हा बहुधा जगातला पहिला माणूस असेल.

साहेबांच्या त्या भाषणाचा एक परिणाम मात्र असा झाला की जावयानं काकांच्या गाठी तपासायला सुरुवात केली. दोर बांधून झाला की हा वाकायचा, गाठीवरून हात फिरवायचा, आणि मगच कठड्यावर पाय टाकायचा. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“काय बघतोस?”

“नियम आहे, मामा.”

“नियम आजच आठवला? मी गाठी मारायला लागलो तेव्हा तुझ्या नाकाचा शेंबूड आईला पुसावा लागत होता.”

इथे काकांच्या स्वभावातली गंमत सांगायलाच हवी. साऱ्या जगावर संशय घेण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता, पण स्वतःवर कोणी इवलासा संशय घेतला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर बसेनात. ताट घेऊन खिडकीशी, पाठ करून. लेकीनं समजावलं, रडली, मग नवऱ्यालाच म्हणाली, “नका ना बघू त्यांच्यासमोर.” जावयानं हात जोडले. “नाही बघत, मामा. चुकलं.”

काका जिंकले. टेबलावर येऊन जेवले. आणि झोपायला पाठ टेकताच मनात पाल चुकचुकली: हा इतक्या सहज कसा ऐकला?

त्यानंतर त्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. सकाळी गच्चीवर गेल्यावर पहिलं काम दोर बांधायचं. मग काका जिन्याच्या खोलीत जाऊन पाण्याचा पाइप नळाला जोडत आणि परत येत. तेवढा वेळ जावई दोरापाशी एकटा. एके दिवशी परत आल्यावर काकांची नजर गाठीवर गेली आणि तिथेच अडकली. गाठ त्यांचीच होती. आठाच्या आकड्यासारखे दोन सारखे वेढे, दोराचं उरलेलं शेपूट भिंतीच्या बाजूला, सगळं त्यांच्या पद्धतीचं. पण वेढे जास्त गुळगुळीत, आणि शेपूट चांगलं वीतभर. गाठ त्यांच्यासारखी होती. फक्त जास्त चांगली होती.

चोरी झाली तर माणूस आरडाओरडा करू शकतो. आपलं काम कोणी गुपचूप सुधारून ठेवलं तर कोणाकडे तक्रार करायची?

पाणी कुठंतरी मुरत होतं. काका डोळ्यांत तेल घालून बघू लागले, आणि बघणाऱ्याला पुरावे काय कमी? आपण खोलीत शिरलो की लेक आणि जावई बोलता बोलता गप्प होतात. जावई परवा साहेबांच्या केबिनबाहेर उभा होता. विचारलं तर म्हणाला हातमोजे घ्यायला आलो. लेकीनं आपले बटणांचे शर्ट कपाटाच्या वर ठेवून डोक्यातून घालायचे सदरे आणले. म्हणाली, इस्त्रीचा त्रास नको. पोटच्या पोरीला बापाच्या इस्त्रीचा त्रास! एक रबरी चेंडूही आणून दिला, येताजाता हातात दाबत बसा म्हणून. म्हाताऱ्याला खेळणं. एकेक दुवा जोडत काकांनी पुरतं चित्र उभं केलं: जावयाला वरच्या जागेवर आपला कोणी दोस्त आणायचा आहे, त्यासाठी तो साहेबांना दाखवणार की म्हाताऱ्याच्या गाठी मीच नीट करतो, आणि लेकीला हे सगळं ठाऊक आहे.

शेवटच्या वाक्यापाशी मात्र काका अडले. जावयाचं काय, तो परका. पण ती?

त्यांनी सापळा लावला. गाठ बांधताना वेढ्यात निळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकवला, टोक वर करून. पाइप जोडून आले तर दोरा होता, पण टोक खाली. म्हणजे चोरानं सापळा ओळखून तो परत मांडून ठेवला होता! काकांना राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. इतकं बारीक बघायला आपणच याला शिकवलं.

मग दुसऱ्या सकाळी ते पाइपाकडे गेलेच नाहीत. जिन्याचं दार मुद्दाम जोरानं लोटलं आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले.

जावयानं दाराकडे एकदा बघितलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि काकांची गाठ सोडू लागला. घाई नाही, चोरटेपणा नाही. रोजचं काम करावं तसा. सगळा दोर मोकळा केला, पुन्हा वेढे घातले, एकेक धागा ओढून आवळला, शेपूट वीत लावून मोजलं, आणि दुसऱ्या दोराकडे वळला.

“काय चाललंय, जावईबापू?” काका टाकीमागून बाहेर आले. “सापडलात ना?”

जावयानं मान वर केली नाही. “थांबा, मामा. अर्धी झालीये.” त्यानं दुसऱ्या दोराची गाठही पुरी केली, आवळली, आणि मगच उठला.

“माझी गाठ सोडायला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. दुसऱ्याच्या गाठीवर जीव टाकू नको, हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं होतं?”

“मी दुसरा?” काका ओरडले. “साहेबांना काय काय सांगून आलात ते बोला आधी!”

“काही नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही आज इथं असता का?” जावयानं बाजूचा जुना दोर उचलून त्यांच्या हातात दिला आणि रिकाम्या कडीकडे बोट केलं. “बांधा. तुमच्या हातानं. मी मध्ये येत नाही.”

काकांनी बांधली. आयुष्यात इतकी मन लावून त्यांनी गाठ बांधली नसेल. दोन वेढे, उलट फिरवून परत आत, चारही धागे एकेक करून ओढले, शेपूट भिंतीकडे. छान दिसत होती. त्यांनी विजयी मुद्रेनं मान हलवली.

जावई खाली बसला, दोन्ही पाय भिंतीला टेकवले आणि दोर दोन्ही हातांनी आपल्याकडे खेचला. एक झटका. दुसरा. वेढे सैल होते. ते एकमेकांवरून सरकले, आणि बाहेर आलेलं शेपूट काकांच्या डोळ्यांदेखत आत आत जाऊ लागलं. वीतभर होतं ते चार बोटं झालं, मग दोन. जावई थांबला. आणखी ओढायची गरज नव्हती.

“आवळली होती मी,” काका म्हणाले.

“तुम्हाला वाटलं आवळली. तुमच्या बोटांना कळत नाही, मामा. दोर घट्ट बसला की नाही, ते बोटांना कळावं लागतं. परवा तुम्ही गॅसवरचं पातेलं उघड्या हातानं उतरवलंत. तुमची लेक किंचाळली, तुम्हाला पत्ता नाही. शर्टाची बटणं लावायला तुम्हाला किती वेळ लागायचा, ते ती बघत होती.”

काकांनी आपले हात वर धरले आणि उलटसुलट करून बघितले. वर्षानुवर्षं थंड पाणी, साबण, काचा धुण्याचं ते झोंबणारं औषध. हात तेच दिसत होते. त्यांनी अंगठा तर्जनीवर घासून बघितला. काहीतरी जाड आणि लांबचं लागल्यासारखं वाटलं, दुसऱ्याच कोणाची बोटं असावीत तसं. याच हातांच्या भरवशावर त्यांनी पोरीचा संसार रोज कठड्याबाहेर सोडला होता. त्यांना शरम वाटली, इतकी की जावयाकडे बघवेना. आणि शरमेच्या मागोमाग राग आलाच.

“मला सांगायचं होतं!”

“सांगायलाच निघालो होतो. नुसता हात लावला तर तुम्ही आमच्याकडे पाठ करून जेवायला लागलात.”

काकांनी कडीतला सैल दोर ओढून मोकळा केला.

“एवढं ठाऊक होतं, तर माझ्याबरोबर उतरतच कशाला होतास?” त्यांनी विचारलं.

“गाठ काय, मीही बांधीन,” जावई म्हणाला. “तुमच्यासारखा वर थांबून बघणारा कुठून आणू? वारा उठायच्या आधी तुम्हाला त्याचा संशय येतो. कठड्यावर दोर घासला की माझ्याआधी तुम्हाला कळतं. तुमचा कोणावर विश्वास नाही, म्हणून मी खाली गाणं म्हणत काचा पुसतो. असंच चालू देऊ, मामा. मी बांधीन, तुम्ही उभे राहा. कोणाला कळणार आहे?”

काकांना मोह झाला. का नाही होणार? हीच गच्ची, हाच दोर, हीच शान. डोळे शाबूत होते, कान शाबूत होते, आणि कोणाला कळणार होतं? पण हे ‘कोणाला कळणार’ दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तर काकांनी त्याला उभा आडवा सोलून काढला असता. त्यांनी स्वतःला समोर उभं केलं आणि नेहमीच्या खवचट आवाजात विचारलं: काय हो, उद्या कडी निखळली, जिवाचा दोर हातानं धरायची पाळी आली, तर धराल? ज्या हातांना गरम पातेलं कळलं नाही, ते हात?

समोरचा माणूस गप्प राहिला. काकांनी त्या माणसाला त्या क्षणी ओळखलं. गप्प राहणाऱ्यांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

“आज उतरायचं नाही,” ते म्हणाले आणि स्वतः दोर गुंडाळायला लागले. नीट गुंडाळता येईना, तेव्हा जावयानं दुसरं टोक धरलं.

दुपारी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी उसासा टाकून खुर्ची दाखवली, कारण काका आले म्हणजे तक्रार आलीच.

“बोला काका. आज कोणाबद्दल?”

“माझ्याबद्दल.”

साहेब हसले. काका हसले नाहीत. “तुमच्या त्या शब्दापुढे जे लागतं ना, वेअरी ऑफ, तिथं आता माझं नाव घाला. माझे हात गेलेत. मला वर ठेवू नका.” आणि टेबलावरची टाचणी उचलून त्यांनी ती बोटाच्या टोकाला टोचून दाखवली. साहेबांनी घाईघाईनं त्यांचा हात धरला. त्यांना इंग्रजीत काही सुचलं नाही, मराठीतही नाही.

घरी लेकीला कळलं तेव्हा ती हातातलं काम टाकून आली. बापाचे दोन्ही हात ओंजळीत घेऊन बसली. तिच्याबद्दल आपण काय काय मनात आणलं होतं, ते काकांनी तिला कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण तेवढी छाती त्यांची झाली नाही.

कंपनीनं त्यांना घालवलं नाही. खाली नेमलं, फुटपाथवर. इमारतीसमोर लाल-पांढरी पट्टी बांधायची आणि दोराखालून कोणाला जाऊ द्यायचं नाही. वर नवा माणूस आला. जाडा, हसरा, सगळ्यांना पहिल्याच भेटीत ‘दोस्त’ म्हणणारा. काकांनी त्याला जिन्यात गाठून अर्धा तास उलटतपासणी केली आणि त्यात काहीही वावगं सापडलं नाही, त्यामुळे तर तो त्यांना फारच संशयास्पद वाटला.

पहिल्या दिवशी काका पट्टी बांधून उभे राहिले आणि मान वर केली. इतक्या खालून कठडा म्हणजे एक रेघ. कडी दिसत नव्हती, गाठ दिसत नव्हती, त्या हसऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. त्या रेघेवरून दोन बूट बाहेर आले. जावयाचे. वर असताना शंका आली की हात घालून बघता यायचं. इथे शंका होती तेवढीच, बघायला काही नव्हतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेक दवाखान्यातून बोलत होती, आवाज बारीक करून. मागे कोणीतरी खुर्ची सरकवत होतं.

“बाबा, उतरले का ते?”

“आत्ताच कठड्याबाहेर आलेत.”

“दोर नीट बांधलाय ना?”

बाप वर होता तोवर तिला हा प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती. काकांच्या तोंडात खरं उत्तर आलं होतं: मला काय ठाऊक? मी कुठं बघितलाय?

“नीट बांधलाय,” ते म्हणाले. “तू तुझं काम कर.”

फोन ठेवून त्यांनी पुन्हा मान वर केली. मान दुखायला लागली, उन्हानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं, एक बाई पट्टीखालून वाकून पलीकडे निघून गेली आणि त्यांना दिसलीसुद्धा नाही. जावयाचे दोन्ही पाय फुटपाथला लागेपर्यंत काका तसेच उभे होते.